फीडमध्ये गहू घातल्यापासून लिटर (शेडमध्ये अंथरलेलं तूस) ओलं, एन्झाइम टाकूनही फरक नाही

निफाडचा_शेडवाला:
नमस्कार मंडळी, १५०० ब्रॉयलरचं शेड आहे, करारावर नाही, पिल्लं आपली आणि मॅशही (भरडलेलं फीड) घरीच बनवतो. इथेनॉलला मका जायला लागल्यापासून भाव झेपेना म्हणून या बॅचला टनाला ६०० किलो मक्यातला निम्मा काढून ३०० किलो गहू घातला, चाळणीखालचा घरचाच होता. पहिल्या दिवसापासून तेच फीड. आठव्या दिवसापासून विष्ठा चिकट व्हायला लागली, पिल्लांची ढुंगणं माखलेली, आज १९वा दिवस आहे आणि तूस मुठीत दाबलं की लाडू वळतोय, सकाळी पडदा वर करताना डोळ्यातून पाणी येतं इतका अमोनिया. दुकानदाराने मल्टी-एन्झाइमचं पाकीट दिलं, टनाला १०० ग्रॅम म्हणाला, आठवडाभर टाकतोय पण काडीचा फरक नाही. एन्झाइम खरंच काम करतात का उगाच पैसे चाललेत?

फीड_फॉर्म्युला:
काम करतात भाऊ, पण ज्या दाण्याला जो एन्झाइम लागतो तोच असला तर. गव्हात अरॅबिनोझायलन नावाचा तंतुमय भाग असतो, तो कोंबडीला स्वतःहून पचत नाही आणि आतड्यात विरघळला की भेंडी चिरून पाण्यात टाकल्यावर जसं बुळबुळीत होतं ना तसं सगळं करून टाकतो. मग खाल्लेलं पुढं सरकत नाही, स्टार्च, प्रोटीन, तेल काहीच नीट शोषलं जात नाही, पक्षी पाणी जास्त पितो आणि ते सगळं तुमच्या तुसावर येतं. यावर झायलनेज लागतो, तो त्या लांब साखळ्या तोडतो आणि चिकटपणा जातो. बार्लीत बीटा-ग्लुकन असतं तिथं बीटा-ग्लुकनेज. मक्यात हा विरघळणारा भाग फार कमी, म्हणून मका-सोयावर तुम्हाला हा त्रास कधी दिसला नसेल.

आता पाकीट हातात घ्या आणि मागं वाचा. झायलनेज आहे का, आणि किती युनिट? नुसती नावं लिहिली असतील आणि युनिट नसतील तर त्या पाकिटाचं मला काही सांगू नका. आणि दुसरं, मिसळताय कसं?

निफाडचा_शेडवाला:
सर पाहिलं आत्ता. अमायलेज, प्रोटीएज, सेल्युलेज आणि लिपेज लिहिलंय, झायलनेज नाहीच. मिसळतो म्हणजे ५०० किलोचा ढीग करून त्यावर ५० ग्रॅम भुरभुरतो आणि फावड्याने दोनदा पालटतो.

फीड_फॉर्म्युला:
मग बिचारा एन्झाइम तरी काय करणार. ५० ग्रॅम ५०० किलोत फावड्याने कधीच सारखं होत नाही, एका पक्ष्याला दहापट आणि नऊ पक्ष्यांना शून्य. आधी अर्धा किलो मक्याच्या पिठात पिशवीत घालून हलवा, मग ते ५ किलोत, मग २५ किलोत आणि मग ढिगात. मिक्सर मिळाला तर फारच चांगलं. पाकीट फोडल्यावर पत्र्याखाली ठेवू नका, एन्झाइम म्हणजे प्रोटीन, उष्णता आणि दमटपणात मरतो. उद्या पेलेट (वाफेवर दाबलेल्या गोळ्या) करायला गेलात तर ८०-८५ डिग्रीच्या वाफेत टिकणारा, कोटिंगवालाच घ्या, मॅशला साधा चालतो.

ओला_तूस_कोरडा_तूस:
भाऊ एन्झाइमच्या नादात पाण्याच्या लाइनचे निपल तपासायला विसरू नका, माझ्याकडं असंच झालं होतं आणि निघाली गळकी लाइन. आणि १९ दिवसांचे पक्षी ओल्या तुसावर म्हणजे कॉक्सीची (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा आजार) भीती, विष्ठेत लालसर दिसलं तर आजच डॉक्टरांना दाखवा. तूस रोज खालवर करा, गोळे झालेलं उचलून बाहेर टाका.

बाजरीवाली_ताई_बीड:
मी तीन वर्षं मक्याच्या जागी बाजरी वापरतेय, गव्हासारखा चिकटपणा नाही आला कधी. प्रोटीनही मक्यापेक्षा जास्त. पण भरडूनच घालायची, अख्खी घातली तर बरेच दाणे विष्ठेत तसेच पडलेले दिसतात, मी स्वतः वेचून बघितलेत. एकच अडचण, पायाचा पिवळेपणा जातो आणि आमच्याकडं व्यापारी पाय बघून भाव करतात. ज्वारी घेणार असाल तर पांढरी घ्या, लाल ज्वारीतल्या टॅनिनवर (तुरट घटक) यातला कुठलाच एन्झाइम चालत नाही.

निफाडचा_शेडवाला:
धन्यवाद ताई. सर, फायटेजपण घ्या म्हणतात, ते गव्हासाठीच असतं का?

फीड_फॉर्म्युला:
नाही, ते मका-सोयावरसुद्धा चालतं आणि माझ्या मते घरचं फीड बनवणाऱ्याने सगळ्यात आधी तेच घ्यावं. दाण्यातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या घटकात अडकलेला असतो, कोंबडीला मिळत नाही म्हणून आपण डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घालतो. फायटेज ते फायटेट तोडतो. ग्रॅमला ५००० युनिटवाला फायटेज टनाला १०० ग्रॅम म्हणजे किलो फीडला ५०० युनिट, त्यातून अंदाजे ०.१ टक्का फॉस्फरस सुटतो, टनाला एक किलो. डीसीपीत १८ टक्के फॉस्फरस, म्हणजे टनामागं साडेपाच किलो डीसीपी वाचलं. पण ते कमी केलंत तरच पैसे वाचतील, नुसतं वरून टाकून फॉर्म्युला तोच ठेवला तर खर्चच वाढला ना. आणि मार्बल पावडर हात सैल सोडून घालू नका, कॅल्शियम जास्त झालं की फायटेट त्याला धरून बसतं आणि फायटेजला तोडता येत नाही.

झायलनेजचं उलटं करा. त्याने दाण्यातली ऊर्जा जास्त मिळते म्हणून फीडमधलं तेल कमी करता येतं, पण पहिल्या बॅचला ते अजिबात कमी करू नका, आधी लिटर आणि वजन बघा, मग पुढच्या वेळी थोडं.

आणि तो गहू पावसात भिजलेला नाही ना? बुरशी असेल तर एन्झाइमने अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) जात नाही, तो दाणा पक्ष्यांना घालूच नका.

निफाडचा_शेडवाला:
भिजलेला नाही सर, कोरडा आहे. या बॅचला आता गहू १०० किलोवर आणतो, आणि झायलनेज आणि फायटेज दोन्ही युनिट बघून आणतो. पुढच्या बॅचला सुरुवातीला किती घालू?

फीड_फॉर्म्युला:
पहिले १० दिवस शून्य, चिकटपणाचा सगळ्यात जास्त त्रास लहान पिल्लालाच होतो. मग १०० किलो, २१ दिवसांनंतर २००. दर आठवड्याला ५० पक्षी तोला आणि मूठभर तूस दाबून बघा, लाडू वळला नाही तरच पुढं वाढवा.