मदत हवी आहे: पर्जन्यवृक्षाखालची दाबलेली जमीन मोकळी कशी करावी?

पणजीतल्या एका सार्वजनिक बागेतल्या जुन्या पर्जन्यवृक्षाला पार बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले होते. ब्लॉकखाली चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) चुरा रोलरने दाबलेला. पावसात पाणी मुरत नाही, साचून राहतं, आणि शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागल्या आहेत. बुंध्यावर अळंबी नाही, ठोकल्यावर पोकळ आवाज येत नाही, म्हणजे खोड कुजलेलं नसावं. मुळांना हवा मिळत नाही, हेच कारण दिसतं.

बुंध्यापासून दीड मीटरपर्यंतचे ब्लॉक काढून चुरा हाताने खरवडला आहे. वर शेणखत आणि चार इंच पालापाचोळा, खोडाला न टेकवता. तरी पहार वीतभरसुद्धा खाली जात नाही. शिवाय अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेरापर्यंत पसरलेली, आणि तिथे फिरायची वाट आहे. ती बंद करता येणार नाही, पण एकेक पट्टा उघडता येईल. एका जागी खणताना मनगटाएवढं मूळ लागलं, तिथेच काम थांबवलं. जेसीबी नकोच. काम जूनआधी उरकायचं आहे.

ऑगरने (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने) 5 सेंमी रुंद, 40 सेंमी खोल भोकं 60 सेंमी अंतरावर पाडून जाड रेती आणि कंपोस्ट भरावं, असा विचार आहे. भीती एकच: खालचा थर पाणी सोडत नसेल तर भोकं पावसात तुडुंब भरून मुळं कुजतील.

चिऱ्याच्या जमिनीत हे कुणी केलंय का? भोकं टिकली, की बुंध्यापासून बाहेर जाणारे उताराचे चर बरे? आणि कॉम्प्रेसरच्या हवेने माती उडवून मुळं उघडी करणारं कुणी गोव्यात आहे का?