तातडीने मदत हवी: शेअर्ड शीटमध्ये एका सेलचा आकडा कोणी बदलला ते कसं शोधायचं?

बी_विंग_खजिनदार: सोसायटीच्या मेंटेनन्सची शीट आहे. ३०४ च्या आजींनी तिमाहीचे ७,५०० भरलेत, पावती मीच फाडली. तरी आज त्यांच्यापुढे ७,५०० थकबाकी दिसतेय आणि थकबाकीदारांच्या यादीत नाव बोर्डावर लागलं. कमिटीत कोणीच हात लावला नाही म्हणतात. रविवारी सभा आहे, लवकर सांगा.

आकडेमोड: गूगल शीट्स की एक्सेल? मोबाइल की कॉम्प्युटर?

बी_विंग_खजिनदार: गूगलच. मोबाइल.

आकडेमोड: कॉम्प्युटरवर उघडा. सेलवर राइट क्लिक, 'शो एडिट हिस्टरी'. कोणी, कधी, आधी काय होतं, सगळं दिसतं.

वहीवाला: आमच्याकडे वीस वर्षं रजिस्टर आहे. खाडाखोड केली की लगेच कळते. पैशांचं काम ऑनलाइन करूच नये.

शीतल_क: एक्सेलला या. रिव्ह्यूमध्ये 'शो चेंजेस' आहे, ६० दिवसांपर्यंतचे बदल एकत्र दिसतात.

आकडेमोड: शीतलताई, त्यांची शीट गूगलवर आहे, एक्सेलला नेऊन मागचे बदल कसे दिसणार?

बी_विंग_खजिनदार: लॅपटॉपवर केलं. त्या सेलला एकही बदल दाखवत नाही! म्हणजे आपोआप झालं का?

स्क्रिप्टप्रेमी: त्यावर भरवसा ठेवू नका. ॲप्स स्क्रिप्टमध्ये (शीटला छोटा प्रोग्रॅम जोडायची गूगलची सोय) ऑनएडिट लिहा, प्रत्येक बदल वेगळ्या टॅबमध्ये नोंदवला जातो. मी ऑफिसात तेच करतो.

आकडेमोड: ते आजपासून पुढचं नोंदवेल. शिवाय एकदम दहा सेल पेस्ट केले तर जुना आकडा मिळत नाही.

स्क्रिप्टप्रेमी: दहा सेल पेस्ट करतंय कोण मेंटेनन्सच्या शीटमध्ये?

आकडेमोड: करतात हो, बँकेच्या स्टेटमेंटवरून. खजिनदारसाहेब, त्या सेलवर क्लिक करून वर फॉर्म्युला बारमध्ये काय दिसतं?

बी_विंग_खजिनदार: बरोबरचं चिन्ह, मग सम-इफ असं काहीतरी. शीट आधीच्या खजिनदारांनी केलीय.

आकडेमोड: हे आधी सांगायला हवं होतं. सम-इफ म्हणजे अट जुळणाऱ्या नोंदींचीच बेरीज, इथे अट बहुधा फ्लॅट नंबरची. फॉर्म्युल्याने आकडा बदलला तर तो हिस्टरीत येत नाही. फॉर्म्युला ज्या टॅबकडे बोट दाखवतोय तिथे जा, आजींची नोंद शोधा आणि तिथल्या फ्लॅट नंबरच्या सेलची हिस्टरी बघा.

बी_विंग_खजिनदार: सापडलं!! 'जमा' टॅबमध्ये ३०४ चं ४०३ झालंय, गुरुवारी रात्री. पण नावाच्या जागी अनामिक येतंय.

आकडेमोड: लिंक असलेल्या कोणालाही एडिटची मुभा असणार. लॉगिन न करता बदललं तर नाव कळत नाही. ज्याने केलं त्याला बहुधा पत्ताही नसेल, मोबाइलवर बोट लागतं. शेअरिंग बंद करून कमिटीच्या ईमेलनाच एडिट द्या. 'डेटा' मेनूतून 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस' घेऊन फ्लॅट नंबरचा कॉलम लॉक करा.

वहीवाला: आणि आजींची पावती कागदावरच होती ना? म्हणून तर तुम्हाला कळलं.

बी_विंग_खजिनदार: खरं आहे काका. यादी काढली बोर्डावरून. आता आजींकडे माफी मागायला चाललोय, लॉक रात्री करतो.

नवा_सभासद_२२: थकबाकी लाल रंगात हवी असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंग वापरा.