मदत हवी : वापरलेल्या क्लोज्ड-लूप यंत्रणेचा जुना रिपोर्ट नव्या जागेत चालतो का? (कोलोरॅडो)

नमस्कार मंडळी. प्रेशर व्हेसल (दाबाखालची भांडी) किंवा फायर कोडमध्ये (आगीपासून सुरक्षेचे नियम) काम केलेलं इथं कुणी असेल तर कृपया वाचा.

भोसरीत आठ वर्षं मी टाक्या आणि हीट एक्स्चेंजर बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये होतो. सध्या कोलोरॅडोत गांजाचा अर्क काढणाऱ्या एका परवानाधारक कारखान्यात मेंटेनन्स बघतो. सही-शिक्क्याचा अधिकार असलेला प्रोफेशनल इंजिनिअर मी नाही.

मालकांनी दुसऱ्या राज्यातून एक वापरलेली क्लोज्ड-लूप यंत्रणा आणली, म्हणजे अर्क काढायला वापरलेला ब्यूटेनसारखा गॅस बाहेर न सोडता बंद भांड्यांतच फिरवून परत गोळा करणारी. सोबत इंजिनिअरच्या सहीचा टेक्निकल रिपोर्ट आहे, पण तो जुन्या जागेचा आणि फक्त ब्यूटेनचा. इथं प्रोपेन मिसळून चालवायचं ठरलंय आणि माझी झोप त्यानंच उडाली आहे. २१ अंश सेल्सिअसला ब्यूटेनचा गेज दाब (बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जास्तीचा) साधारण १७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), प्रोपेनचा ११० च्या आसपास. रिकव्हरीत (गॅस परत गोळा करताना) अर्क साठतो तो पॉट गरम करायचा म्हणजे त्याहून वर. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की आपोआप उघडणारे) शेवटचे कधी तपासले, त्याचा कागदच नाही.

खालच्या १२ इंची कलेक्शन पॉटवर यू-स्टॅम्पची (भांडं एएसएमई या अमेरिकी इंजिनिअर संस्थेच्या नियमांप्रमाणे बनवल्याची खूण) नेमप्लेट आहे, वरच्या ४ इंची कॉलमवर काहीच नाही. हे कसं?

सुपरवायझर म्हणतात, "रिपोर्ट आहे ना, फायरवाल्यांना तोच दाखवू." त्या खोलीत दोन पोरं काम करतात, एक जेमतेम बावीसचा. ब्यूटेन हवेच्या दुप्पट जड, जमिनीलगत साचतो आणि हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांहून थोडं कमी असलं तरी पेट घेऊ शकतो. मला मालकांना लेखी कळवायचंय. काय लिहू?

प्रतिसाद :
दादा, लेखीच कळवा, थांबू नका. मी कॅलिफोर्नियात अशाच रिपोर्टांची तपासणी करते.

तुमच्या शहरानं इंटरनॅशनल फायर कोडची २०१८ किंवा नंतरची आवृत्ती घेतली असेल तर प्रकरण ३९ उघडा. यंत्रणा लिस्टेड (मान्यताप्राप्त संस्थेनं तपासून यादीत घेतलेली) नसेल तर टेक्निकल रिपोर्ट लागतो. सॉल्व्हंट (अर्क काढायला वापरायचा गॅस) बदललं की तो रिपोर्ट सुधारून घ्यावाच लागतो, त्यामुळे प्रोपेनपुरता तुमचा कागद आजच निरुपयोगी आहे. शिवाय बसवलेली यंत्रणा रिपोर्टप्रमाणे आहे का, हे इंजिनिअरनं प्रत्यक्ष जागेवर येऊन बघावं, असं फायर मार्शल (अग्निसुरक्षा तपासणारे अधिकारी) सांगू शकतात. जुन्या जागेची पाहणी तुमच्या जागेला लागू पडत नाही.

कॉलमवर स्टॅम्प नाही याची काळजी नको. आतला व्यास ६ इंचांपर्यंत असलेली भांडी एएसएमईच्या दाबभांड्यांच्या नियमांच्या (सेक्शन ८ भाग १) कक्षेत येत नाहीत, म्हणून स्टॅम्प नाही. पण प्रोपेनचा दाब ती आणि त्यांचे क्लॅम्प झेलतील का, हे हिशेबानं दाखवावंच लागेल. रिलीफ व्हॉल्व्हचा सेट प्रेशर ज्या भांड्यासाठी तो बसवलाय त्याच्या कमाल परवानगीच्या दाबापेक्षा जास्त नको.

आणि खोलीतला गॅस डिटेक्टर बघा. किमान ज्वलनमर्यादेच्या (पेट घ्यायला हवेत लागणारं गॅसचं किमान प्रमाण) २५ टक्क्यांवर किंवा त्याआधी तो वाजलाच पाहिजे आणि त्याबरोबर दिव्यांची बटणं व सॉकेट बंद पडली पाहिजेत. एक्झॉस्ट पंखा बंद असेल तेव्हाही ही बटणं व सॉकेट बंदच राहिली पाहिजेत. मी पाहिलेल्या जागांत सगळ्यात जास्त चुका इथंच असतात. पंखा स्वतः बंद करून बघा, मात्र खोलीत गॅस नसताना.

धागाकर्ता :
ताई, खूप आभार. पत्र आज दिलं. नंतर टॉर्च घेऊन पॉट नीट पाहिला. तळाशी एक नोझल (पाइप जोडायचं तोंड) आहे, जो निर्मात्याच्या ड्रॉइंगमध्ये नाही. वेल्डही बाकीच्यांसारखा नाही, कुणीतरी नंतर जोडलेला दिसतो. नेमप्लेटशेजारी दुसरी कुठलीच प्लेट नाही. आता?

प्रतिसाद :
स्टॅम्प केलेल्या भांड्यात असा बदल करायला नॅशनल बोर्डाचं (बॉयलर आणि प्रेशर व्हेसलच्या निरीक्षकांची अमेरिकी संस्था) आर प्रमाणपत्र, म्हणजे अशा भांड्यांची दुरुस्ती-बदल करायची मान्यता असलेलं वर्कशॉप लागतं, आणि काम झाल्यावर त्याची वेगळी प्लेट लावतात. ती नाही म्हणजे मूळ यू-स्टॅम्पच्या भरवशावर हा पॉट वापरता येणार नाही. बोर्डाच्या संकेतस्थळावर जवळचं वर्कशॉप शोधता येतं. नोझलचा फोटो आणि ड्रॉइंग सोबत जोडून मालकांना दुसरं पत्र आजच द्या आणि पॉटवर 'वापरू नये' अशी पाटी लावा. त्या दोन्ही पोरांनाही स्वतः सांगा.