मदत हवी आहे: टीबीची गोळी आणि बांगडा

आयसोनियाझिड ही टीबीची गोळी चालू असताना बांगडा, तारली किंवा कुपा खाल्ला आणि तासाभरात तोंड लालबुंद, डोकं ठणकायला लागलं, तर ती माशाची ॲलर्जीच असेल असं नाही. या माशांत हिस्टिडिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) भरपूर. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन. आतड्यातलं डायअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) एरवी ते मोडतं, पण ही गोळी त्यालाच अडवते. तळून, खारवून हिस्टामिन जात नाही; वास येतोच असंही नाही. म्हणजे सगळं बर्फावर आलं.

मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली की बांगडा उन्हात वाळूवर पडून राहतो. तिथल्या तिथे किलोला किलो बर्फ घालणं कुणी जमवलंय का? बर्फ आणता कुठून, फोडता कसा? कृपया सविस्तर सांगा. रुग्णांनी गोळी मात्र थांबवू नये, डॉक्टरांना विचारावं.