उत्तेजित अणूचे ‘उत्स्फूर्त’ उत्सर्जन : शब्द बरोबर आहे का?

(टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

तळटीप

प्रकाशावरच्या एका छोट्या पुस्तकाचे मी सध्या मराठी भाषांतर करीत आहे आणि एका वाक्यापाशी अडले आहे. मी लिहिले होते : ‘उत्तेजित अणू फोटॉन बाहेर टाकून खालच्या ऊर्जापातळीवर येतो; हे उत्सर्जन दोन प्रकारचे असते, उत्स्फूर्त आणि उत्तेजित.’ संपादकांनी समासात पेन्सिलीने प्रश्न केला आहे की, उत्तेजित अणूचे उत्सर्जन उत्तेजितच असणार, मग त्याला उत्स्फूर्त कसे म्हणता? शिवाय उत्स्फूर्तपणा हा माणसाचा गुण आहे, तो अणूला कशाला चिकटवायचा, असेही त्यांनी खाली लिहिले आहे.

माझी समजूत अशी आहे की वरच्या पातळीवर गेलेला अणू कोणी न छेडताही कधी तरी प्रकाश सोडतो, ते पहिल्या प्रकारचे उत्सर्जन. आणि योग्य कंपनसंख्येचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, जवळून गेल्यामुळे जे घडते, ते दुसऱ्या. भौतिकी समजली, पण मराठी वाक्य उभे राहत नाही. कोणी शब्द सुचवील का?

अर्धविराम

दोष ‘उत्स्फूर्त’चा नसून ‘उत्तेजित’चा आहे. एकाच शब्दाला आपण दोन कामांवर जुंपले आहे. उत्तेजित अवस्था, उत्तेजित अणू हे प्रयोग आता रुळलेले आहेत आणि ते हलवू नयेत. तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या उत्सर्जनालाच वेगळे नाव हवे. मी ‘प्रवर्तित उत्सर्जन’ म्हणेन, कारण बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते त्याला आपण विद्युत चुंबकीय प्रवर्तन म्हणतोच. बाहेरच्या क्षेत्राने आतली घटना घडवून आणणे हा भाव दोन्हीकडे सारखा आहे. एवढा बदल केल्यावर संपादकांचा पहिला आक्षेप राहत नाही.

धातुसाधित

पहिला राहत नाही, पण दुसरा राहतो, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. ‘उत्स्फूर्त’च्या मुळाशी ‘स्फुर्’ हा धातू आहे आणि त्याचे संस्कृतातले सरळ धातुसाधित ‘स्फुरित’ असे होते. ‘स्फूर्त’ची मराठीतली चलती ‘स्फूर्ती’च्या आधाराने वाढली असावी. ते रूप आता मान्य केले, तरी अर्थ उरतोच. उत्स्फूर्त भाषण, उत्स्फूर्त प्रतिसाद, उत्स्फूर्त दाद या प्रत्येक ठिकाणी मन आहे आणि त्या मनात आलेली उमाळी आहे. अणूला उमाळी येत नाही.

मी ‘अनाहत उत्सर्जन’ सुचवतो. आघाताविना उमटणारा नाद तो अनाहत नाद. त्याच न्यायाने फोटॉनचा आघात न होता बाहेर पडणारा प्रकाश तो अनाहत. ‘उत्सर्जना’विषयीही मला शंका आहे, कारण शरीरशास्त्रात उत्सर्जन संस्था म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु तो वाद येथे काढत नाही.

काजळी

काढत नाही म्हणून काढलाच. ‘अनाहत’ कानाला फार गोड आहे, पण तो वाचणारा विद्यार्थी डोळे मिटून ध्यानाला बसेल, वर्णपटमापकाला डोळा लावणार नाही.

मी अनेक वर्षे प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा दाखवीत आलो आहे. तो सुरू केला की आधी नळीत लालसर उजेड दिसतो, मग सोडियमची वाफ जमते आणि सगळे पिवळे होते. वर्णपटमापकातून नीट पाहिले, तर ती पिवळी रेषा एक नसून दोन असतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या, एखाद्या दोनतारी वाद्याच्या तारांसारख्या शेजारी शेजारी. नळीतले इलेक्ट्रॉन सोडियमच्या अणूंना धडकतात आणि त्यांना वरच्या पातळीवर ढकलतात. तिथून तो अणू सरासरी १६ नॅनोसेकंदांत प्रकाश सोडून खाली येतो. धडक वर चढवण्यासाठी असते, उतरण्यासाठी नाही. मुलांना मी म्हणतो, ‘जिना चढायला कोणी तरी ढकलले, उतरताना तो आपसूक उतरला.’ ‘आपसूक’ या शब्दावर आजवर एकाही मुलाने शंका काढलेली नाही. तो ‘आप’ आणि ‘सुख’ यांपासून आला असावा असे मला वाटते : आपल्या सुखाने, म्हणजे आपल्या मर्जीने.

धातुसाधित

मर्जी आली म्हणजे मन आलेच. माझा आक्षेप ‘आपसूक’लाही तंतोतंत लागू पडतो, फक्त येथे मन तद्भव आहे.

कोरा कागद

मला ‘उत्स्फूर्त’ मन असल्यामुळे नव्हे, तर घाई असल्यामुळे खटकतो. उत्स्फूर्त म्हणजे तत्क्षणी, विचार करायला न थांबता. सोडियमचे १६ नॅनोसेकंद त्यात खपून जातील, पण हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेषेचे काय करायचे? तिथे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या फिरकीची दिशा एकसारखी असते ती उलट होते आणि अणू रेडिओलहर सोडतो. अणूला एकटे सोडले, तर यासाठी लागणारा सरासरी काळ सुमारे १ कोटी १० लाख वर्षे आहे. कोटभर वर्षे तिष्ठत बसून मग बोलणाऱ्याच्या भाषणाला आपण उत्स्फूर्त म्हणू का?

काजळी

म्हणू, आणि हे मी केवळ वादासाठी म्हणत नाही. उत्स्फूर्त भाषणाचे लक्षण घाई हे नसून तयारी नसणे हे आहे. वक्ता दोन तास गप्प बसून मग एकाएकी बोलायला उठला, तरी खिशात टिपण नसेल तर ते भाषण उत्स्फूर्तच. आता अणू पाहा. कोटभर वर्षे वरच्या पातळीवर काढलेला हायड्रोजनचा अणू आणि क्षणापूर्वी तिथे पोहोचलेला अणू, या दोघांची पुढच्या सेकंदात प्रकाश सोडण्याची शक्यता अगदी सारखी असते. तो म्हातारा होत नाही, त्याच्या आत काही साठत नाही, काही पिकत नाही. इतका पूर्वतयारीविना बोलणारा वक्ता माणसांत सापडायचा नाही. हा शब्द जर कोणाला शोभत असेल, तर तो अणूलाच शोभतो, आणि माणसांच्या बाबतीत आपण तो फार सैल हाताने वापरतो.

अर्धविराम

हे उत्तर मला पटले. हाच मुद्दा आइन्स्टाइननेही मांडला होता. १९१६ मध्ये लिहिलेल्या आणि १९१७ मध्ये पुन्हा छापलेल्या निबंधात त्याने या उत्सर्जनाचा नियम किरणोत्सारी विघटनाच्या नियमासारखा धरला : ठरावीक काळात ठरावीक शक्यता, मागचा इतिहास काहीही असो. मात्र अणू नेमका केव्हा आणि कोणत्या दिशेला प्रकाश सोडील, हे आपली उपपत्ती ‘योगायोगा’वर सोपवते, याला तो तिचा दुबळेपणा मानत होता आणि तो शब्द त्याने अवतरणचिन्हांत ठेवला होता.

जर्मन मुळात त्याने योजलेली जोडीही पाहण्यासारखी आहे. पहिल्या प्रकाराला तो ‘आउसश्ट्रालुंग’ म्हणतो, म्हणजे प्रारण (लहरींच्या रूपातली ऊर्जा) बाहेर टाकणे. आणि बाहेरच्या प्रारणामुळे घडणाऱ्या दोन्ही गोष्टींना, शोषणाला आणि प्रवर्तित उत्सर्जनाला, ‘आइनश्ट्रालुंग’, एक धन आणि एक ऋण. उमाळी नाही, मर्जी नाही, केवळ आत आणि बाहेर. असे दोन उपसर्ग आपल्याकडेही आहेत, पण आपण लगेच विशेषणे शोधायला धावतो.

धातुसाधित

मग ‘उत्सर्जन’ पुरे. ‘उत्’ म्हणजे वर किंवा बाहेर, हे त्यातच आले. कसलेही विशेषण नसलेले उत्सर्जन म्हणजे आपोआप होणारे, आणि दुसरे प्रवर्तित.

कोरा कागद

आणि ‘सर्व उत्सर्जन’ म्हणायचे झाल्यास? एका शब्दाने जात आणि पोटजात दोन्ही सांगायला गेलो, तर भाषांतरकर्तीचे संपादक यावेळी शाईने लिहितील.

पाणबुडी

इतका वेळ वाचत होते. सर्वांना एक साधी विनंती : ‘स्पाँटेनियस एमिशन’ असे देवनागरीत लिहा आणि पुढे चला. ‘लेझर’ आपण तसाच घेतला, त्याने मराठी बुडाली नाही. त्या नावातल्या ‘एस’ आणि ‘ई’ या आद्याक्षरांतच दुसऱ्या प्रकारचे उत्सर्जन, ‘स्टिम्युलेटेड एमिशन’, दडलेले आहे, आणि १९६० मध्ये पहिला लेझर चमकल्यापासून कोणालाही त्याचे भाषांतर करावेसे वाटले नाही.

धातुसाधित

लेझर ही वस्तू आहे आणि वस्तूचे नाव वस्तूबरोबर येते. उत्सर्जन ही कल्पना आहे. कल्पनेचे नाव उसने घेतले, तर विद्यार्थ्याला ती पाठ करावी लागते, कळत नाही. आणि शब्द ‘लेसर’ आहे.

पाणबुडी

सगळे ‘लेझर’ म्हणतात, आपणही बोलताना तेच म्हणत असाल. माझा मुद्दा हाच होता.

वाळूघड्याळ

‘स्वयंस्फूर्त’ अजून कोणी काढलेला नाही. तो कोणी सुचवण्यापूर्वीच सांगतो की तो सर्वांत चुकीचा ठरेल, कारण त्यातला ‘स्वयं’ प्रयोगाने खोटा पाडलेला आहे.

१९४६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पर्सेलने दाखवून दिले की या उत्सर्जनाचा वेग भोवतालच्या पोकळीवर अवलंबून असतो. १९८५ मध्ये ह्युलेट, हिल्फर आणि क्लेपनर यांनी सिझियमचे फार वरच्या पातळीवर चढवलेले अणू दोन धातूच्या पट्ट्यांमधून सोडले. पट्ट्यांमधले अंतर बाहेर पडू पाहणाऱ्या प्रारणाच्या अर्ध्या तरंगलांबीहून कमी केले की त्या प्रारणाला तिथे जागाच उरत नाही. अणू वरच अडकून राहतात; त्यांचे तिथले आयुष्य किमान वीसपट वाढल्याचे त्यांना आढळले. अणूला कोणी हात लावला नव्हता, फक्त त्याची खोली अरुंद केली होती. जे खोलीच्या मापावर ठरते, त्याला ‘स्वयं’ कसे म्हणणार? ‘आपोआप’, ‘आपसूक’, ‘स्वतः’ हे सगळे याच कारणाने गळतात.

काजळी

‘आपसूक’ गळाला याचे दुःख आहे, परंतु मुद्दा बिनतोड आहे. त्याला एक जोड देतो. पुंजभौतिकीच्या (क्वांटम भौतिकीच्या) हिशेबात एका विशिष्ट लहरीचे ‘न’ फोटॉन आधीच हजर असतील, तर अणूने त्याच लहरीत प्रकाश सोडण्याचा वेग ‘न अधिक एक’ याच्या प्रमाणात असतो. ‘न’ हा प्रवर्तित भाग. भोवती मिट्ट काळोख असला, ‘न’ शून्य झाला, तरी उरतो तो ‘एक’. म्हणजे हे दोन वेगळे प्रकार नसून एकाच बेरजेतल्या दोन संख्या आहेत, आणि आपण इतका वेळ त्या ‘एक’चे बारसे करीत आहोत.

तो ‘एक’ क्षुल्लकही नाही. सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाला, ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशात, हा ‘एक’ त्या ‘न’च्या सुमारे साठपट असतो. तीच गोष्ट २१ सेंटिमीटरच्या लहरीची पाहिली, तर साध्या खोलीच्या तापमानालाही ‘न’ चार हजारांच्या वर जातो आणि बिचारा ‘एक’ गर्दीत हरवतो.

वाळूघड्याळ

मग तो ‘एक’ कोणाचा? पुष्कळ ठिकाणी असे लिहिलेले असते की निर्वातातही विद्युत्क्षेत्राची थरथर चालू असते आणि तीच अणूला छेडते. तसे असेल, तर हे उत्सर्जनही प्रवर्तितच ठरते आणि ‘अनाहत’ही गेला, कारण आघात आहे, फक्त तो दिसत नाही.

काजळी

तेवढे पूर्ण सत्य नाही. अणूच्या स्वतःच्या क्षेत्राची त्याच्यावर होणारी प्रतिक्रियाही त्यात असते. श्रेय कोणाला किती द्यायचे, हे समीकरणातल्या राशी कोणत्या क्रमाने लिहिता यावर बदलते, हे १९७३ मध्ये दाखवले गेले. १९८२ मध्ये दालिबार, द्यूपों-रॉक आणि कोएन-तानुद्जी यांनी एक विशिष्ट क्रमच भौतिकदृष्ट्या अर्थपूर्ण का मानावा, हे मांडले. त्या वाटणीत वरच्या पातळीवर निर्वाताची थरथर आणि अणूची प्रतिक्रिया एकमेकींत मिळतात आणि अणू खाली येतो. सर्वांत खालच्या पातळीवर त्या एकमेकींना खोडतात. म्हणून उत्स्फूर्त उत्सर्जन असते, पण उत्स्फूर्त शोषण नसते. नुसत्या थरथरीवर भिस्त ठेवली, तर हे दुसरे सांगता येत नाही.

धातुसाधित

थरथर म्हणालात, म्हणून मला माझेच म्हणणे अंशतः मागे घ्यावे लागते आहे. ‘स्फुर्’ धातूचा मूळ अर्थ कंप पावणे, थरथरणे हाच आहे. ‘बाहू स्फुरण पावले’ म्हणजे बाहूंना कल्पना सुचली असे नव्हे, ते थरारले. चमकणे हा अर्थ त्याच्या लगतचा, आणि मनात येणे हा त्यानंतरचा विस्तार असावा. म्हणजे निर्वाताच्या स्फुरणातून, अणूच्या स्फुरणातून, बाहेर चमकलेले ते उत्-स्फूर्त. ज्याने कोणी हा शब्द प्रथम योजला, त्याच्या मनात हे नसणार. तरीही शब्द बसला आहे. ‘स्फुरित’विषयीचा माझा आक्षेप मात्र कायम आहे.

अर्धविराम

फॉस्फरसला मराठीत ‘स्फुरद’ म्हणतात तो याच धातूवरून. शेतीच्या मराठीत नत्र, स्फुरद, पालाश हे त्रिकूट सर्वांच्या तोंडी आहे, आणि अंधारात चमकतो म्हणून त्याला ते नाव मिळाले असणार.

काजळी

चमकतो, पण पांढऱ्या फॉस्फरसची ती चमक हवेतल्या ऑक्सिजनशी होणाऱ्या रासायनिक क्रियेतून येते. उजेड दाखवून मग अंधारात ठेवल्यावर मिणमिणत राहणाऱ्या पदार्थांची गोष्ट निराळी आहे. तिथे इलेक्ट्रॉन अशा पातळीवर अडकतो की जिथून उतरण्याची वाट जवळजवळ बंद असते, म्हणून उजेड रेंगाळतो.

कोरा कागद

पण त्या रासायनिक क्रियेतही उत्तेजित रेणू तयार होतो आणि त्याने सोडलेला प्रकाश उत्स्फूर्तच असतो. म्हणजे नाव अगदीच चुकलेले नाही.

तळटीप

सर्वांचे आभार. काल रात्री पाने पाठवावी लागली. ‘उत्तेजित अणूचे उत्सर्जन उत्स्फूर्त असते किंवा प्रवर्तित’ असे वाक्य केले आहे. आज संपादकांचा निरोप आला : दोन्ही शब्द चालतील, मात्र ‘उत्सर्जन’ या शब्दावर वाचक हसतील, दुसरा काही आहे का?

धातुसाधित

मी हे दुसऱ्याच दिवशी म्हणालो होतो. ‘उत्क्षेपण’ पाहावे.

काजळी

उत्क्षेपण अग्निबाणाचे होते.