‘वॉटरशिप डाउन’ (१९७८): सशांच्या गोष्टीत राजकारण शोधावे का?

प्रश्न
मार्टिन रोझेन यांचा हा ब्रिटिश अ‍ॅनिमेशनपट नुकताच पुन्हा पाहिला. जनरल वूंडवर्ट या जुलमी सशाच्या एफ्राफा या वसाहतीमुळे तो हुकूमशाहीविरोधी रूपक मानला जातो. परंतु मूळ कादंबरीचे लेखक रिचर्ड अ‍ॅडम्स, ही आपल्या मुलींना मोटारीच्या प्रवासात सांगितलेली सशांची गोष्ट आहे, यापलीकडे काही मान्य करत नसत. मग असा अर्थ लावणे कितपत योग्य आहे?

प्रतिसाद १
लेखकाने रूपक योजले नसले, तरी सत्ता कशी चालते याची जाण गोष्टीत असू शकते, आणि येथे ती नक्कीच आहे. एफ्राफात प्रत्येक सशाच्या अंगावर चाव्याची खूण असते आणि चरायला बाहेर केव्हा पडायचे, हे त्या खुणेवरून ठरते. पळू पाहणाऱ्या ब्लॅकव्हार या सशाचे कान इतरांना जरब बसावी म्हणून फाडले जातात. माणसाच्या भीतीने सुरू झालेली शिस्त शेवटी सशांच्याच जिवावर उठते.

प्रतिसाद २
घर सोडून निघालेली हेझल या सशाची टोळी वाटेत काउस्लिप नावाच्या सशाच्या वसाहतीत थांबते; मला ती अधिक भयावह वाटते. तेथे पहारा नाही, शिक्षाही नाही. शेतकरी खाणे टाकतो, ससे धष्टपुष्ट होतात, अधूनमधून एखादा फासात अडकून नाहीसा होतो आणि तो कुठे गेला, हे कोणी विचारायचे नाही, असा अलिखित दंडक पाळला जातो. टोळीतल्या बिगविगच्या गळ्याभोवती तार आवळलेली असताना त्या वसाहतीतून कोणीही मदतीला येत नाही. हेझलचे सोबतीच खुंटी उकरून त्याला सोडवतात. वूंडवर्टविरुद्ध बंड तरी करता येते, पण पोट भरलेल्या मौनाविरुद्ध उभे राहायचे कसे?

प्रतिसाद ३
दोघांचेही पटते, मात्र माद्यांचा प्रश्न नजरेआड होता कामा नये. सँडलफर्ड या मूळ वसाहतीतून निघालेल्या हेझलच्या टोळीतील व्हायलेट ही एकमेव मादी वाटेतच शिकारी पक्ष्याच्या तावडीत सापडते आणि पुढे नवी वसाहत टिकवण्यासाठी एफ्राफातून माद्या आणण्याची मोहीम निघते, म्हणजे नायकांनाही त्या आधी पिल्लांसाठीच हव्या असतात. कादंबरीत मात्र तेथील हायझेन्थ्ले ही मादी आणि तिच्या सोबतिणींनी, एफ्राफात गर्दी फार झाल्याने बाहेर पडू द्यावे, अशी मागणी आधीच केलेली असते आणि ती फेटाळली गेलेली असते. त्यामुळे बिगविग तेथे पोहोचण्यापूर्वीच प्रतिकार सुरू झालेला आहे, आणि तो माद्यांनी सुरू केला आहे.