थरारकथेतलं जनुक बदललेलं बाळ वाचकांना पटेल का?

प्रश्न:
थरारकथा लिहितेय. रक्तपात नाही, शिवीगाळ नाही. आईसमोर मोठ्याने वाचता यावी अशी. मूल होत नसलेलं जोडपं आयव्हीएफ करतं आणि मुलगी झाल्यावर कळतं की गर्भाच्या जनुकांत कुणीतरी परस्पर बदल केलाय. पटेल?

प्रतिसाद १:
पटेल की! २०१८ मध्ये चिनी संशोधक हे जियानकुई यांनी क्रिस्पर हे जनुकं बदलण्याचं तंत्र वापरून सीसीआर५ (एचआयव्हीला पेशीत शिरायला वाट देणारं) जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी त्यांना ३ वर्षांची कैद झाली.

प्रतिसाद २:
मी गर्भ-प्रयोगशाळेत काम करते. बुद्धी एका जनुकावर ठरत नाही, त्यामुळे 'हुशार बाळ बनवलं' असं कृपया नको. खरी भीती वेगळी आहे: बदल काही पेशींत होतो, काहींत नाही. तपासणीला घेतलेल्या मोजक्या पेशी ठीक निघाल्या, तरी उरलेल्यांचं काय?

आणि त्या बाईला नुसती मुलासाठी आसुसलेली दाखवू नका. इंजेक्शनं, सोनोग्राफ्या, निकालाच्या फोनची वाट. या सगळ्यात ती समोर येईल त्या कागदावर सही करत असते. कट त्या संमतीपत्रांत लपवा.

प्रश्नकर्ती:
संमतीपत्रं! मग तपास तीच करेल, नवरा नाही. मुलगी मात्र मी धडधाकट ठेवणार.